बुढा छातीवर बसते

आमच्या भागात माणूस आधी जाणत्याकडे, म्हणजे दोरा-अंगारा करणाऱ्याकडे जातो, मग खासगीत, आणि पैसे संपले की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आडगावी नोकरी करताना याचा राग येणं मी कधीच सोडून दिलं.

डिसेंबरातला सोमवार होता, ओपीडी उरकत आली होती. 26 वर्षांचा एक पोरगा, त्याचा थोरला भाऊ आणि आई असे तिघं आले. पोराच्या दंडाला काळा दोरा, कपाळावर राखेचं बोट. केसपेपरवर सिस्टरनं लिहिलेलं, 'छातीत दुखते, झोप नाही'. बीपी ठीक, ईसीजी साफ. मग भावानं आवाज खाली आणला.

"साहेब, आमचा बुढा याच्या छातीवर बसते."

बुढा म्हणजे वडील. श्रावणात साप चावून गेले होते. रानडुकरं हरभऱ्यात उतरू नयेत म्हणून ते मचाणावर जागलीला जायचे, त्यांच्यामागं हा जायला लागला.

"अरे, भास आहे तो," मी म्हणालो आणि तिथंच घोळ केला. पोरगा गप्प होऊन चपलेकडे पाहत बसला, भाऊ तर उठायलाच लागला. भास म्हटलं की त्यांना ऐकू येतं, तू खोटं बोलतोस, नाहीतर तुझं डोकं फिरलंय. पोराला दोन्ही मान्य नव्हतं, आणि त्याचंच बरोबर होतं.

मग मी दुसऱ्या टोकानं धरलं. "उताणा असतोस ना तेव्हा? डोळे उघडे, चांदणं दिसते, पण बोट हलत नाही? ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही? आधी कुणी पायथ्याशी आल्यासारखं, अन् मग दाब?"

त्यानं मान वर केली. "तुमाले कसं माईत? तुमच्यावरबी बसते काय?"

बसलं होतं एकदा. इंटर्नशिपमध्ये, दोन रात्रींच्या ड्युटीनंतर. बंद दाराच्या आत कोणीतरी उभं होतं आणि मला मान वळवता येत नव्हती. तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं.

फिट, दारू, दिवसा ऐकू येणारे आवाज, सगळं विचारून घेतलं. बंद खोपडीत शेकोटी पेटवून झोपतो का, तेही विचारलं, कारण कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूनंही माणसाला भलतंसलतं दिसतं. तसं काही नव्हतं. होती ती झोपेची चाळण. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची, म्हणजे गव्हाला पाणी रात्रीच. पाणी झालं की मचाण, उजाडलं की कापसाचा वेचा.

म्हटलं, "स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांची लाईन बंद करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना तू मचाणावरून खाली पडशील. झोप अशी तुटत राहिली की कधी जाग आधी येते आणि लाईन मागाहून." लाईन म्हटल्यावर भाऊ हसला. मंडळाची लाईन कधी वेळेवर येते? त्या अवस्थेत श्वास मेंदू स्वतःच उथळ चालवत असतो; आपण मुद्दाम खोल घ्यायला गेलो की जमत नाही, आणि तेच ओझं वाटतं. वर भीतीचं केंद्र टक्क जागं. कोणीतरी आहे एवढं ते सांगतं, नाव आपण घालतो. वडिलांच्या मचाणावर, वडिलांचीच वाकळ पांघरून झोपलेला पोरगा दुसरं कोणाचं नाव घालणार? शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी असा अनुभव येतो.

मला स्वतःला यातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट 2006 सालची वाटते, तीही त्यांना सांगितली. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या चमूनं मिरगीसाठी तपासणी चाललेल्या 22 वर्षांच्या एका बाईच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वर-मागच्या भागात, बारीकसा विजेचा प्रवाह सोडला. तिला पाठीशी सावलीसारखं कोणी जाणवलं. ती आडवी तर तेही आडवं. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर तेही बसलं, आणि त्यानं तिलाच मिठी मारली! म्हणजे तिच्याच अंगाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर चढला होता.

इतका वेळ गप्प असलेली आई बोलली, "मंग माह्यावालाबी भासच काय?"

"तुमचा कोणता, मावशी?"

संध्याकाळी ती चुलीपुढं बसली की मागून पन्नीवर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटल्याचा आवाज येतो. बोलतानाच तिनं एका तळहातावर दुसरा घासून दाखवला, तीनदा, मग एक थाप. "बुढा ओसरीत बसून हाय असं वाटते. मांगं पायलं त कोनी नाई. मले भेव नाई लागत." पोरांना तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. थोरला तिच्याकडं बघतच राहिला.

डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांना हेच विचारलं होतं, ते 1971 साली छापून आलं. जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवत होतं, बहुतेकांनी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं आणि पुष्कळांना त्याचा आधारच वाटत होता. मावशीला एवढंच म्हटलं, की हा आजार नाही. इतकी वर्षं रोज ऐकलेल्या आवाजाची तुमचा कान अजून वाट पाहतो.

"मंग त्याची गोयी नोका देऊ," ती म्हणाली.

दिली नाही. पोराला सांगितलं, कुशीवर झोप. अडकलास तर छातीशी झगडू नको, पायाचा अंगठा हलवत राहा. जागल दोघा भावांनी आळीपाळीनं करा. दोरा तोडायला लावला नाही. 2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि मारहाण, चटके असलं काही झालं असतं तर मी गप्प बसलो नसतो. इथं दोरा होता आणि चिमूटभर राख. त्यावर भांडून पोरगा पुन्हा आलाच नसता.

जानेवारीत थोरला आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आला. भावाचं विचारलं.

"दोनदा आल्ता बुढा," तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेले यानं आंगठा हालवला. उठून गेला."