नसबंदीनंतरचे दोन आठवडे: सखूला जपताना

नसबंदीचं ऑपरेशन झालं की पहिल्या रात्री घरातलं कोणी झोपत नाही, आणि पाचव्या दिवशी सगळे निर्धास्त होतात. माझं म्हणणं असं, की खरं लक्ष या पाचव्या दिवसापासूनच ठेवायला लागतं. आमच्या कुत्रीच्या, सखूच्या ऑपरेशननंतर हे मी जवळून पाहिलं. आता तिकडे मायदेशी दादाच्या कुत्र्याचंही ऑपरेशन ठरलंय. त्याने फोनवर इतके प्रश्न विचारले की म्हटलं, सगळं एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

कुत्रीच्या नसबंदीत पोटाच्या मधोमध, बेंबीच्या खाली छेद घेऊन अंडाशय काढतात, बऱ्याचदा गर्भाशयही काढतात. म्हणजे हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. आपल्याला वरून दिसते ती फक्त कातडीवरची रेघ. तिच्याखाली चरबीचा थर आणि त्याच्याही खाली पोटाची भिंत, हे सगळं वेगवेगळं शिवलेलं असतं. सुरुवातीचे चार-पाच दिवस जखमेला स्वतःची ताकद अशी नसतेच, सगळा भार टाक्यांवर असतो. त्यानंतर शरीर तिथे कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, भरायला लागतं आणि जखम हळूहळू भक्कम होते. पण सूज उतरते, दुखणं कमी होतं आणि कुत्रीला उड्या माराव्याशा वाटतात ते नेमके याच दिवसांत. वरची रेघ जुळलेली दिसते, आतली भिंत मात्र अजून कच्ची असते. डॉक्टर 10 ते 14 दिवस धावणं, उड्या, जिने आणि आंघोळ बंद सांगतात ते यासाठी.

आईला हे पटवायला वेळ लागला. रोज व्हिडिओ कॉलवर सखू शेपूट हलवत समोर यायची आणि आई म्हणायची, "अगं, बरी झाली की ती! किती दिवस बांधून ठेवणार बिचारीला?" मग मी आतल्या टाक्यांचं समजावून सांगितलं. त्यानंतर "आज उडी तर नाही ना मारली?" हा तिचा पहिला प्रश्न झाला. तिकडे घरात कोणी ना कोणी असतंच. कुत्र्याजवळ बसायला माणूस शोधावा लागत नाही. इथे परदेशात आम्ही दोघंच, त्यामुळे सुट्ट्या आळीपाळीने घेतल्या आणि सोफ्याकडे जायची वाट खुर्च्या लावून बंद केली. परदेशात एकटं किंवा दोघंच राहणाऱ्यांनी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी स्वतःच्या सुट्टीची सोय बघावी असं मी आवर्जून सांगेन. जखमी जनावराला पहिले काही दिवस घरात एकटं ठेवणं मला तरी पटत नाही.

पहिल्या रात्रीबद्दल थोडक्यात. भुलीचा अंमल उतरताना कुत्री कण्हते, थरथरते, कधी आपल्यालाच ओळखत नसल्यासारखी बघते. यातलं बरंचसं औषधांमुळे होतं, प्रत्येक कण्हणं वेदनेचंच असतं असं नाही. अंथरूण जमिनीवर घालावं, अंगावर हलकं पांघरूण टाकावं. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नये, कारण गुंगीत तिला चटका कळत नाही. खाणं नेहमीच्या निम्मं आणि थोडं थोडं द्यावं. श्वासनलिकेत नळी घातलेली असते म्हणून एक-दोन दिवस खोकला येऊ शकतो. उपाशी पोट आणि वेदनाशामक औषधं यांमुळे दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी सहसा काळजीचं नसतं.

माणसांच्या गोळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगते. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घरात आहे म्हणून कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डॉक्टर कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक, म्हणजे मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन देतात, तेही वजनावर मोजून आणि खाण्याबरोबर. उलट्या, जुलाब किंवा काळी शी दिसली तर पुढचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा.

आता कोनबद्दल, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालतात त्या शंकूसारख्या कॉलरबद्दल. सगळ्यांचा जीव हळहळतो तो हा कोन पाहून. सखू पहिल्यांदा दाराच्या चौकटीला अडकली आणि तिथेच मान खाली घालून उभी राहिली. पुढे जाईना, मागेही येईना. कोनची कड चौकटीच्या लाकडात रुतली होती. मी कड जराशी वर उचलली तेव्हा ती पुढे सरकली. असं बघितलं की कोन काढून टाकावासा वाटतो. काढू नये. जीभ खरखरीत असते, तोंडात जंतू असतात, आणि दातांनी टाके ओढून काढायला कुत्र्याला काही मिनिटं पुरतात. कुत्र्याच्या लाळेने जखम बरी होते हा समज या बाबतीत घातक आहे.

कोनची कड नाकाच्या पुढे यायला हवी, आणि गळ्याशी दोन बोटं सहज जातील इतपत सैल हवा. फुगवायचे गोल पट्टे मिळतात, पण लांब तोंडाची कुत्री त्यातूनही पोटापर्यंत पोचते. ऑपरेशननंतर घालायचा अंगरखा मला जास्त आवडला. फक्त शू करायच्या वेळी मागची बटणं उघडावी लागतात आणि ओला झाला तर लगेच बदलावा लागतो, म्हणून दोन असलेले बरे. खाताना कोन काढला तर ताटली रिकामी होईपर्यंत तिथून हलायचं नाही.

जखमेचा फोटो रोज एकाच जागी, एकाच उजेडात काढायचा. आठवणीवर भरवसा ठेवला तर आजची लाली कालच्यापेक्षा जास्त की कमी हे सांगता येत नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळतं, आणि क्लिनिकला विचारायचं झालं तर दुसऱ्या भाषेत वर्णन करत बसण्यापेक्षा फोटो पाठवणं सोपं. सुरुवातीला हलकी लाली आणि किंचित सूज चालते. पू, दुर्गंधी, न थांबणारं रक्त, उघडलेले टाके यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही. छेदाखाली मऊ, पाणी भरल्यासारखा फुगवटा आला तर तो बहुधा जास्त हालचालीमुळे साठलेला द्रव असतो. तो पिळायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा. हिरड्याही बघत जा. बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरड्या पांढुरक्या आणि कुत्री मलूल, असं असेल तर आत रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं.

पाचव्या दिवसानंतरच्या कुत्रीला आवरायचं तर तिच्या डोक्याला काम द्यायला हवं. जुन्या टॉवेलमध्ये तिचं खाणं गुंडाळून ठेवायचं आणि तिला नाकाने शोधू द्यायचं. आखूड पट्ट्यावर बाहेर न्यायचं, पण चालवायला नव्हे, हुंगायला. एकाच झुडपाशी तिला हवं तितका वेळ थांबू द्यायचं. पळून आल्यावर दमावी तशी ती वास घेऊन दमते आणि घरी येऊन शांत झोपते. उचलायची वेळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांमागे, पोटावर दाब न देता. टाके विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत, बाकीचे साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. पण विरघळणारे असले तरी एकदा डॉक्टरांना दाखवून त्यांची परवानगी मिळाल्यावरच मोकळं सोडावं.

नंतर वजनाकडे लक्ष हवं. नसबंदीनंतर उष्मांकांची गरज कमी होते आणि भूक उलट वाढते, म्हणून खाणं मोजून घालायचं.

आणि दादा, तुझ्यासाठी. नराचं ऑपरेशन तुलनेने लहान असतं, पोट उघडावं लागत नाही, पण विश्रांती आणि कोन तितकेच पाळायचे. वृषणाची रिकामी पिशवी थोडी सुजलेली दिसेल, त्याने घाबरू नकोस. ती फुगतच चालली किंवा काळी-निळी पडली तर मात्र दाखव. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ऑपरेशननंतरही काही आठवडे शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या त्या कुत्रीपासून त्याला निदान दीड महिना लांबच ठेव.