व, क, न

त्या दिवशी सकाळी लेखिका आली तेव्हा तिच्या कादंबरीचं चौदावं प्रकरण माझ्या टेबलावर उघडंच होतं. आधीच्या तेरा प्रकरणांचे समास मी पेन्सिलीनं भरून टाकले होते. याच्या समासात मात्र एकही खूण नव्हती.

प्रकरण असं: वडील जाऊन वर्ष झालंय. घर विकायचं की नाही यावरून बहीण-भाऊ अडून बसलेत. शेवटी एका रात्री दोघं प्लँचेट करायला बसतात. कागदावर मुळाक्षरं, मधे पालथा पेला, पेल्यावर दोघांचं एकेक बोट. वडील येतात आणि बोलू लागतात. अकरा पानं बोलतात. कागदपत्रं कुठे आहेत ते सांगतात, कुणी कधी फसवलं ते सांगतात, मुलीला क्षमा करतात आणि जाता जाता मृत्यूनंतर काय असतं तेही समजावून देतात.

मला ते पटलेलं नव्हतं. तरी दोन खर्डे होईपर्यंत मी गप्प राहिले, कारण हे तिचेच वडील असणार असं मी मनाशी धरून चालले होते. कुणाच्या जखमेवर पेन्सिल कशी चालवायची? त्या दिवशी शेवटी धीर करून विचारलं.

"माझे बाबा? ते ठणठणीत आहेत की, ताई. तुम्हाला असं का वाटलं?"

जे दुःख नव्हतंच ते मी दोन महिने जपत बसले होते, आणि कादंबरीकडे बघायचं राहून गेलं होतं. ही चूक मला अजूनही खुपते. मेलेल्या माणसाचं पात्र समोर आलं की संपादकाचा हात आखडतो, आणि नेमकं तिथेच त्यानं कठोर व्हायला हवं असतं.

मी म्हटलं, "आपण हे मोठ्यानं वाचू या. तुम्ही मुलगी, मी वडील."

तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच मी अडखळले. 'माझ्या अस्तित्वाचा अर्थ मला आता उमगला आहे.' माझ्या तोंडून ते येईना. पहिलं प्रकरण काढलं. तिथे हेच वडील मुलीला नवी सायकल दाखवताना म्हणतात, "ते हे... म्हणजे, बघ आपलं." बस, एवढंच. दुसऱ्या प्रकरणात तेच, पाचव्यात तेच. या माणसाला उभ्या जन्मात एक वाक्य धड पुरं करता आलेलं नाही. प्रत्येक बोलण्याच्या आधी 'ते हे'. तिनं ते फार सुंदर टिपलं होतं, आणि चौदाव्या प्रकरणात त्याच माणसाच्या तोंडी व्याख्यान घातलं होतं.

मी तिला हूडिनीची हकीकत सांगितली. हा विख्यात जादूगार आईवेडा होता आणि त्याची आई 1913 मध्ये गेली. 1922 मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीनं एका बैठकीत त्या आईचा निरोप म्हणून पानंच्या पानं भराभर लिहून काढली. पहिल्या पानावर वर क्रूस, आणि सगळा मजकूर इंग्रजीत. हूडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी. तिला इंग्रजी येत नव्हतं, असं तो सांगत राहिला. मजकूर मायेचा होता, पण आवाज आईचा नव्हता, आणि त्यावरूनच त्यानं ते नाकारलं. पुढे डॉयल आणि त्याच्यात वितुष्ट आलं. मला त्यात वाचक दिसतो. त्याला रहस्य नको असतं, ओळख हवी असते. आपलं माणूस आलंय हे त्याच्या बोलायच्या लकबीवरून कळतं. मेल्यानं कुणाची शब्दसंपत्ती वाढत नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मग ते एवढं सगळं सांगणार कसं?"

"किती सांगता येतं ते मोजू या," मी म्हटलं.

मोठ्या कागदावर 'अ' ते 'ज्ञ' गोल मांडून काढली. मधे पाण्याचा पेला पालथा घातला. वडिलांचं सगळ्यात लांब उत्तर तिनं निवडलं आणि मी त्यातली मुळाक्षरं मोजली, 118 भरली. पेला एका अक्षरावरून दुसऱ्यावर न्यायला साधारण चार सेकंद लागत होते. म्हणजे त्या एका उत्तराला जवळजवळ आठ मिनिटं! तिच्या पानावर ते एका दमात येत होतं. आठ मिनिटं अंधारात वाकून बसलेल्या दोन माणसांचे खांदे दुखतील, एकाला दुसऱ्याचा संशय येईल, कुणीतरी मधेच "हे तूच ढकलतोयस" म्हणेल. खरं प्रकरण तिथे होतं आणि तिनं तेच गाळलं होतं.

ढकलण्यावरून शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेचा विषय निघाला. 1853 मध्ये लोक टेबलाभोवती बसून हात ठेवत आणि टेबल आपोआप सरकतं म्हणत. फॅरेडेनं हाताखाली रुळांवर सरकणाऱ्या फळ्या ठेवल्या आणि दाखवून दिलं की आधी हात सरकतात, मग टेबल. बसलेली माणसं खोटारडी नव्हती, आपण ढकलतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग: हाताचा दाब दाखवणारा काटा त्यांच्या नजरेसमोर ठेवला की टेबल हलेनासं व्हायचं.

"म्हणजे माझ्या कथेत भावाला घर विकायचंय, बहिणीला नाही," ती हळूहळू म्हणाली, "आणि पेला दोघंही ढकलतायत."

"न कळत. आणि वडील आलेत की नाही, ते तुम्ही ठरवा. वाचकाला सांगू नका. पण तुम्हाला ते पक्कं माहीत हवं, नाहीतर वाक्यं डळमळतात." याबाबतीत मी हट्टी आहे. भूत खरं की भास, हे लेखकालाच ठाऊक नसलं तर पानावर नुसतं धुकं उरतं.

मग आम्ही वडिलांना त्यांच्या भाषेत एकच उत्तर देऊन बघायचं ठरवलं: 'विकू नका.' ती बहिणीच्या जागी, मी भावाच्या. कागदावर नुसती मुळाक्षरं होती. काना, मात्रा, वेलांटी काही नाही. पेला व-वर गेला, मग क-वर, मग न-वर. डाव्या हातानं मी अक्षरं टिपत होते. तेवढ्यात एक सहकारी दार उघडून आत डोकावला, आम्ही दचकलो आणि दोघींचीही बोटं उचलली गेली.

तो निघून गेला. टिपणवहीत तीन अक्षरं राहिली होती. व, क, न.

ती वहीकडे बघत राहिली. मग तिनं वाचलं, "विका ना."

माझ्या अंगावर काटा आला. मी त्याच अक्षरांपाशी 'विकू न...' म्हणून थांबले होते, पुढचा 'का' माझ्या जिभेवर होता. भाऊ वाचेल 'विका ना', बहीण वाचेल 'विकू नका'. आणि तिसरं कुणी असेल तर 'विकून'... विकून काय? वडील जन्मभर जसे बोलले, अर्धवट, तसेच आत्ताही बोलले होते, आणि दोन्ही मुलांना ते स्वच्छ ऐकू आलं होतं.

होमरच्या ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस मृतांच्या प्रदेशात आईला भेटतो, तेव्हा बळीचं रक्त प्यायल्याशिवाय ती त्याला ओळखत नाही. पुढे तो तिला तीनदा कवटाळू बघतो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी निसटते. अशा भेटीला काहीतरी अट असावी लागते, आणि काहीतरी हाती न लागणं असावं लागतं. आमची अट कागदावरच होती: मराठी मुळाक्षरं, आणि वेलांट्या ज्याच्या त्यानं घालायच्या.

तिनं चौदावं प्रकरण पुन्हा लिहिलं. अकरा पानांची चार झाली. क्षमा गेली, परलोक गेला, कागदपत्रंही गेली. त्यांच्यापायी पंधराव्या प्रकरणातलं एक उपकथानक बदलावं लागलं, ते तिला जड गेलं आणि मलाही. आता पेला आधी त-वर जातो, मग ह-वर, पुन्हा त, पुन्हा ह. बहीण रडायला लागते. 'ते हे.' भावाला काहीच कळत नाही, तो म्हणतो, पुढे विचार. मग व, क, न, आणि पेला थांबतो.

छपाईआधी शेवटची प्रुफं आली, तेव्हा त्या ओळीशेजारी मुद्रितशोधकानं लाल शाईत विचारलं होतं: 'न-नंतर क राहिलाय का?' मी प्रश्नावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'नाही. असंच ठेवा.'