हापूसची वेबसाइट आणि 'डायरेक्ट'चं गौडबंगाल

देवगड-रत्नागिरीकडचे बरेच बागायतदार आता थेट वेबसाइटवरून पेट्या विकतात. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४, म्हणजे वेबसाइटवर किती लोक कुठून आले ते मोजणारं साधन, जोडलेलंही असतं, पण आकडे बघताना फसगत होते.

पहिली गोष्ट म्हणजे 'डायरेक्ट'चा, म्हणजे कुठून आले ते कळत नाही अशा भेटींचा, फुगलेला आकडा. लोक पत्ता टाइप करून येतात असं वाटतं, पण त्यात वॉट्सअ‍ॅपवरून आलेले बरेच असतात, कारण अ‍ॅपमधून उघडलेल्या लिंकसोबत स्रोत बहुधा येत नाही. उपाय सोपा: ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम जोडा, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणाऱ्या लिंकच्या शेवटच्या खुणा: सोर्स (कुठून), मीडियम (कोणत्या मार्गाने) आणि कॅम्पेन (कोणत्या मोहिमेतून). तिन्ही कायम स्मॉल लेटर्समध्येच लिहा. एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल केलंत की एकाच ग्रुपच्या दोन ओळी दिसतात.

दुसरं, तुमच्याच घरच्या भेटी. त्या मोजणीतून वगळायला इंटर्नल ट्रॅफिकचा (घरच्या इंटरनेट पत्त्याचा, म्हणजे आयपीचा) नियम केला तरी फिल्टर 'टेस्टिंग'वरच राहतो. तो 'अ‍ॅक्टिव्ह' करावा लागतो. जुना डेटा त्याने साफ होत नाही. ब्रॉडबँडचा आयपी बदलला की फिल्टरही निकामी!

तिसरं, डेटा रिटेन्शन, म्हणजे अ‍ॅनालिटिक्स तपशीलवार डेटा किती काळ ठेवतं ती सेटिंग, आजच २ महिन्यांवरून १४ वर न्या. नाहीतर एक्सप्लोरेशनमध्ये (स्वतः रिपोर्ट बनवायच्या भागात) गेल्या एप्रिलशी तुलनाच करता येणार नाही. सर्च कन्सोल, म्हणजे गूगल सर्चमधले आकडे दाखवणारं गूगलचं वेगळं साधन, मात्र १६ महिन्यांचा डेटा देतं, आणि लोक 'देवगड हापूस' शोधतात की 'आंबा पेटी भाव', हेही तिथेच कळतं.

रोज आकडे बघू नका. दिवसाला ४० भेटी असतील तर १०चा चढउतार म्हणजे काहीच नाही. सोमवारी आठवड्याचा हिशोब पुरे.