घामाने निथळणाऱ्या मुलालाही उष्माघात होतो

सराव सामना कृत्रिम टर्फवर होता. पारा जेमतेम 33, पण हवा दमट आणि वारा पडलेला. अशा दिवशी मी साधा थर्मामीटर बघत नाही, डब्ल्यूबीजीटी मीटर बघतो, तो उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून एकच आकडा देतो. उघड्यावरच्या त्याच्या आकड्यात ओल्या बल्बचा (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा) वाटा 70 टक्के, उन्हात तापणाऱ्या काळ्या गोळ्याचा 20 आणि कोरड्या हवेचा फक्त 10. घाम वाळतोय की नुसताच गळतोय, हे त्यातून कळतं. आकडा 31 च्या वर सरकल्यावर धावण्याच्या फेऱ्या रद्द केल्या. खेळ दहा-दहा मिनिटांचा, मध्ये सावली आणि पाणी.

तरीही बचावफळीतला एक मुलगा चेंडू घेऊन आपल्याच गोलकडे निघाला. “आपण कुठल्या बाजूला मारतोय?” विचारलं तर चिडला, जीभ अडखळली. जर्सी पिळून काढावी इतकी ओली. इथेच फसगत होते. कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, असं अनेकांना वाटतं. धावणाऱ्या खेळाडूला मात्र बहुतेकदा घाम सुरूच असतो. बरळणं, चिडणं, तोल जाणं ही खरी खूण. कपाळावरच्या थर्मामीटरवर तर मुळीच विसंबू नये, ओल्या कातडीवर तो कमीच दाखवतो.

एकाने रुग्णवाहिकेला फोन लावला. बाकीच्यांनी बूट, शिनगार्ड, जर्सी उतरवून त्याला ताडपत्रीवर निजवलं, कडा उचलून धरल्या आणि पिंपातलं बर्फाचं पाणी ओतलं, दीडशे लिटरच्या आसपास. एकाने मागून काखेत हात घालून डोकं वर धरलं. पाणी सतत हलवत राहायचं, नाहीतर अंगालगतचा थर कोमट होतो आणि गारवा पोचत नाही. शुद्ध डळमळीत असताना तोंडात पाणी घालायचं नाही. कुणीतरी पॅरासिटामॉल पुढे केली (करतंच कुणीतरी!). तिचा इथे उपयोग नाही. हा ताप मेंदूने चढवलेला नसतो.

रुग्णवाहिका आली तरी पाण्यातून लगेच काढला नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचं आतलं तापमान 39 च्या खाली यायला हवं. साधारण पंधरा मिनिटांनी तो कुडकुडायला लागला, नीट बोलू लागला, तेव्हा बाहेर घेतला. मुलगा सावरला तरी रुग्णालय चुकवायचं नाही. स्नायू, यकृत, मूत्रपिंडाची हानी रक्त तपासल्यावरच दिसते.

आदल्या दिवशीपर्यंत त्याला जुलाब होत होते, हे तिथे कळलं. संघातून वगळतील म्हणून मुलं असलं काही सांगत नाहीत. आता वॉर्म-अपआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन पोट, ताप, झोप विचारतो. त्या मुलाचा व्यायाम किमान आठवडाभर बंद. मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी गार वेळेत हलकं धावणं, आणि ऊन पुढच्या दोन आठवड्यांत थोडंथोडं वाढवत.