तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरहून ओडिशा, घरच्या सगळ्यांसह

"आई-वडील आणि मुलं बरोबर आहेत, विमान नको. सोलापुरातून ओडिशाला कसं जायचं आणि तिथं काय बघायचं?" दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो.

जाण्याचं सोपं आहे. मुंबईहून निघणारी कोणार्क एक्स्प्रेस रात्री आपल्या स्टेशनवर येते आणि कुठंही गाडी न बदलता ओडिशात पोचवते. रात्री चढायचं, दुसरा सबंध दिवस गाडीत काढायचा, तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे उतरायचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ते पहिल्याच दिवशी करा. चूक होते ती इथंच: घरातले सहाजण एकाच तिकिटावर घातले जातात. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. म्हणून आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा, नाहीतर गुडघेदुखीच्या माणसाला वरचा बर्थ येतो आणि मग डबाभर विनवण्या करत फिरावं लागतं.

पुरीला जायचं असेल तर भुवनेश्वरपर्यंत जाऊ नका. खुर्दा रोड जंक्शन त्याच्या आधी येतं, पुरीचा फाटा तिथूनच फुटतो. गाडी भुवनेश्वरला संपत असल्यामुळे बरेचजण शेवटपर्यंत बसतात आणि तेवढंच अंतर उलटे येतात. हॉटेलवाल्याला मात्र पहाटे येणार असल्याचं आधी सांगून ठेवा. पुरीत काही ठिकाणी खोली सकाळी आठलाच सोडावी लागते, तेव्हा भाड्याचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे विचारूनच पैसे भरा.

दिवाळीला जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ. १९९९ चं महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबरला धडकलं, २०१३ चं फायलिन १२ ऑक्टोबरला. वादळाचा इशारा आला की गाड्या रद्द होतात, नावा बंद होतात. शिवाय चिल्का सरोवरावर थंडीचे पक्षीही तोवर पुरते उतरलेले नसतात. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की निघा: जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. जाऊन-येऊन नऊ दिवस धरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. सोलापूर साधारण ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे, पुरी ८६ अंशांजवळ. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे तिथं सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घड्याळ मात्र तेच. त्यामुळे इथल्या सवयीनं नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचा बराच उजेड वाया जातो आणि शेवटचं ठिकाण अंधारात बघावं लागतं. सहाच्या आत गाडीत बसायचं, दुपारी दोन तास झोपायचं, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. म्हातारी माणसंही यात थकत नाहीत.

या सहलीचा खरा गाभा चिल्का आहे. देवळं कुठल्याही वेळी उभीच असतात, चिल्का सकाळी मिळतं. खाऱ्या-गोड्या पाण्याचं हे विशाल सरोवर १९८१ मध्ये रामसर यादीत गेलं. भरतपूरचं केवलादेव आणि हे, भारतातली पहिली दोन. एकाच दिवसात 'चिल्का करून टाकायचं' म्हणाल तर फसाल, कारण त्याची दोन टोकं अगदी वेगळी आहेत.

पुरीहून सुमारे ५० किलोमीटरवर सातपाडा. तिथं इरावडी डॉल्फिन. टीव्हीवर उड्या मारतात ते डॉल्फिन हे नव्हेत, हे मुलांना आधीच सांगा. याला लांब चोच नसते, कपाळ गोल, पाठीवरचा पर छोटा. श्वासाला वर येतो तेव्हा करडी पाठ दोन-तीन सेकंद दिसते, बस. नावाडी डॉल्फिनच्या मागे नाव पळवायला लागला तर त्याला थांबवा. इंजिनाच्या आवाजानं ते लांब जातात आणि पंख्यानं जखमीही होतात. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबलं तर ते बहुधा आपणहून वर येतात. वारा दुपारकडे वाढतो, लाटांत पाठ ओळखू येत नाही, म्हणून पहिली नाव धरा. समुद्राच्या मुखाजवळच्या वाळूवर कुणी तुमच्यासमोर शिंपला फोडून मोती दाखवेल. तो घेऊ नका.

उत्तरेचं टोक म्हणजे मंगलाजोडी, भुवनेश्वरहून सुमारे ७० किलोमीटर. इथं दलदल आहे, लव्हाळं आहे, पाणी गुडघा-कंबरभर. नाव बांबूनं ढकलतात, इंजिन नाही. एकेकाळी हे पक्षी मारणाऱ्यांचं गाव होतं. त्याच लोकांनी शिकार सोडून राखण सुरू केली आणि आज तेच वाटाड्ये आहेत. उजनीच्या फुगवट्यावर दुर्बिणीतून बघावे लागणारे चक्रवाक आणि तलवार बदकं इथं नावेच्या अगदी जवळ असतात, जांभळ्या पाणकोंबड्या तर हाताच्या अंतरावर वाटाव्यात. एका नावेत चारच जण बसा, भडक कपडे नकोत, दुर्बीण ८×४२ ची पुरते. नावेत दोन-तीन तास जातात आणि स्वच्छतागृह नसतं. मुलांना आधीच आठवण करा.

कोणार्क पुरीहून ३५ किलोमीटर. तेराव्या शतकातलं सूर्यमंदिर. मुख्य शिखर पडलेलं आहे, उभा आहे तो पुढचा जगमोहन, म्हणजे सभामंडप. तो कोसळू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आत वाळू भरून बंद केला, म्हणून आत जायला वाट नाही. दगडी रथाच्या २४ चाकांवरून सावलीनं वेळ सांगतात, ते बघायला कोवळं ऊन हवं.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा चालत नाही. हाफपँट आणि बिनबाह्यांचे कपडेही नाहीत. आनंदबाजारातला महाप्रसाद जरूर घ्या, पण दुपारनंतर. मातीच्या भांड्यांत लाकडाच्या जाळावर शिजलेला तो भात-डाळ कांदा-लसणाशिवायही फार रुचकर असतो. समुद्रात मात्र मुलांचा हात सोडू नका. पुरीच्या लाटा उतरताना पायाखालची वाळू ओढून नेतात. टोकदार टोपीवाले नुलिया, म्हणजे जीवरक्षक कोळी, जिथं उभे असतील तिथंच उतरा.

भुवनेश्वरला उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगराजा खारवेलाचा शिलालेख आहे. त्यात आपल्या सातवाहनांच्या सातकर्णीचं नाव आहे; त्याची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठवल्याचं हा राजा सांगतो. एवढं माहीत असलं की ती अक्षरं नुसती बघितली जात नाहीत. भीतरकनिका यावेळी सोडा, तिथल्या मगरींसाठी आणखी दोन दिवस लागतात.

जेवणात मोहरीचं तेल येतं, शेंगतेलाच्या जिभेला त्याचा वास पहिले दोन दिवस जड जातो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. मात्र कागदात गुंडाळलेली भाकरी किनाऱ्याच्या दमट हवेत एका रात्रीत वातड होते, घट्ट झाकणाचा डबाच हवा. हिंदी सगळीकडे चालतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू घरांना तर तांडूरपासून इच्छापुरमपर्यंत गाडीतही परकं वाटणार नाही.

आणि माग कळणाऱ्या गावातले असल्यामुळे संबलपुरी साडी घ्याल, ती उलटी करून बघा. या इकत पद्धतीत सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षी दोन्ही अंगांना सारखीच गडद दिसते. मागची बाजू फिकी दिसली तर ती छपाई आहे, तिला हातमागाचा भाव देऊ नका.