मेलेल्या मशीनच्या उत्तराची वाट

दुपारी १२ वाजून ७ मिनिटांनी आमच्या डेटाबेसचं प्रायमरी मशीन, म्हणजे सगळे बदल ज्यावर आधी लिहिले जातात ते, वीजपुरवठा तुटून बंद पडलं. २९ सेकंदांत दुसरं मशीन प्रायमरी झालं आणि कमिट झालेला, म्हणजे पक्का नोंदला गेलेला, एकही व्यवहार हरवला नाही. तरीही ऑर्डरचं सॉफ्टवेअर पुढची पंधरा मिनिटं जागचं हललं नाही, आणि खरी गोम तर संध्याकाळी कळली.

ही मांडणी मी स्वतः उभी केलेली. पोस्टग्रेस या डेटाबेसची तीन मशीनं, त्यांच्यावर लक्ष ठेवायला पॅट्रोनी हे सॉफ्टवेअर आणि कोण प्रायमरी याची नोंद ठेवायला तीन नोडचं (तीन मशीनांवर चालणारं) ईटीसीडी. त्या नोंदीची मुदत ३० सेकंदांची. प्रायमरी जिवंत असेल तर दर १० सेकंदांनी ती मुदत वाढवून घेते. वाढवली नाही की नोंद संपते आणि दुसरं मशीन जागा घेतं. ईटीसीडीच्या तीनपैकी दोन नोडचं एकमत झाल्याशिवाय ती नोंद कोणालाच मिळत नाही. शिवाय रेप्लिकेशन (बदलांची दुसऱ्या मशीनवर नक्कल) सिंक्रोनस ठेवलेलं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वॉल (बदलांची नोंदवही) लिहिला गेल्याशिवाय कमिटला होकारच नाही. यामुळे प्रत्येक कमिट थोडं हळू होतं, आणि त्यावरून बैठकीत मी बराच वाद घातला होता. त्या दुपारी तो वाद सार्थकी लागला.

म्हणूनच ॲप्लिकेशन टीमच्या प्रमुखांचा फोन आला, "अहो, तुमचा डेटाबेस पडलाय का?" तेव्हा मी ठामपणे म्हणालो, "पडला होता, आता उभा आहे. आमच्या बाजूने सगळं ठीक आहे." हे वाक्य मी त्या पंधरा मिनिटांत तीनदा बोललो. नव्या प्रायमरीवर मी हाताने क्वेरी चालवून बघत होतो आणि उत्तर लगेच येत होतं. ॲप्लिकेशन सर्व्हरवर एकदा लॉगिन करून बघावं, हे मला सुचलं नाही.

१२:२३ च्या सुमारास स्क्रीन आपोआप उघडू लागल्या. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि तिकीट बंद झालं. बंद पडलेलं मशीन दुपारी दुरुस्त होऊन आलं, पीजी-रिवाइंड (जुनं मशीन नव्या प्रायमरीशी जुळवून घेणारं साधन) चालवून मी ते रेप्लिका, म्हणजे नक्कल ठेवणारं मशीन, म्हणून परत जोडलं.

संध्याकाळी सहाला लेखा विभागाने विचारलं की दुपारपासून एकही बिल का तयार झालं नाही. बिलं करणारा जॉब 'चालू' दिसत होता, लॉगमध्ये एकही एरर नव्हती. आमच्या टीममधल्या सर्वांत नव्या मुलीने ॲप्लिकेशन सर्व्हरवर उघड्या जोडण्यांची यादी काढली. पूलमधल्या (डेटाबेसकडे कायम उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातल्या) ४० पैकी ७ जोडण्या त्या जुन्या मशीनच्या पत्त्यावर, अवस्था 'एस्टॅब्लिश्ड'. मग तिने तीच यादी त्या मशीनवर काढली. तिथे या सातांपैकी एकही नाही. "सर, हे बोलतायत कोणाशी?" तिने विचारलं.

कोणाशीच नाही. मशीन गेलं त्या क्षणी या सात जोडण्यांवरून क्वेरी पाठवून झाली होती, पोचही मिळाली होती, फक्त उत्तर यायचं होतं. पाठवायला काहीच शिल्लक नसल्यामुळे पलीकडे कोणी नाही हे टीसीपीला (जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कच्या व्यवस्थेला) कळायला मार्गच नव्हता. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये सॉकेट टाइमआउट (उत्तरासाठी किती थांबायचं ती मर्यादा) मूळचा शून्य असतो, म्हणजे अमर्याद थांबा, आणि कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची अधूनमधून चाचपणी) बंद असतो. चालू असता तरी लिनक्स पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करतो. बाकीच्या ३३ जोडण्यांवर मशीन गेल्यानंतर क्वेरी पाठवली गेली. पोच येईना म्हणून लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, आणि मूळ सेटिंगप्रमाणे १५ प्रयत्न संपायला सुमारे ९२४ सेकंद लागतात. दुपारच्या त्या पंधरा मिनिटांचा हिशेब इथे लागला.

चाचण्या आम्ही केल्या होत्या, चार वेळा. तीनदा सर्व्हिस थांबवून, एकदा प्रोसेस थेट मारून. पण प्रोसेस मारली तरी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जिवंत असतो आणि तो प्रत्येक जोडणी बंद झाल्याचं समोरच्याला कळवतो. ॲप्लिकेशनला लगेच एरर मिळते, ते नव्याने जोडून घेतं आणि तक्त्यात 'यशस्वी' लिहिलं जातं. नियोजनाच्या वेळी एका सहकाऱ्याने सुचवलं होतं की एकदा मशीनची वायरच काढून बघू. मीच नको म्हणालो. त्याने नंतर हा विषय एकदाही काढला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत हाय-अव्हेलेबिलिटीवर, म्हणजे मशीन पडलं तरी सेवा चालू ठेवण्यावर, अख्खं प्रकरण आहे. जोडणीच्या ओळीत तिन्ही मशीनची नावं कशी लिहायची ते नीट दिलंय, टाइमआउटबद्दल एक अक्षर नाही. हे मला अजून पटत नाही. असं सॉफ्टवेअर घेणारा ग्राहक नेमका याच दिवसासाठी पैसे मोजतो.

आता कीप-अलाइव्ह चालू केलाय: ६० सेकंदांनी पहिली चाचपणी, मग दर १० सेकंदांनी, तीन वेळा उत्तर नाही आलं की जोडणी तोडायची. पोच न आलेल्या पॅकेटांना हा उपाय लागू पडत नाही, म्हणून पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न १५ वरून ८ वर आणलेत. सॉकेट टाइमआउट मात्र अजून ठरत नाही. रात्रीच्या एका अहवालाची क्वेरी २५ मिनिटं चालते, दहा मिनिटांची मर्यादा घातली तर ती मध्येच तुटेल. अहवालांसाठी वेगळा पूल मागितलाय.

येत्या शनिवारी वायर काढायची आहे. ती त्या सहकाऱ्याने काढावी असं मी त्याला सांगितलंय. त्या वेळी मी ॲप्लिकेशन सर्व्हरवर जोडण्यांची यादी उघडून बसणार आहे.