बंजार खोऱ्यातली गुच्छी : एप्रिलअखेरचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुल्लू जिल्ह्यातल्या बंजार खोऱ्यात गुच्छी, म्हणजे खळगेदार टोपीची रानटी अळंबी (मोरेल), मधल्या उंचीवर येऊन पोचलेली असते. खाली १,८०० मीटरच्या आसपास ती मार्चअखेरीस उगवायला लागते आणि एव्हाना आटोपत येते. वर जालोरी जोताच्या (खिंडीच्या) अंगाला, ३,००० मीटरच्या पुढे, बर्फाचे पट्टे अजून विरघळायचे असतात. मधे शोजा गावाच्या खालच्या देवदारांत मात्र ऐन भर. आम्ही हाच पट्टा धरून गेलो आणि हिशेब बरोबर ठरला. ज्यांना रजा आधीच टाकावी लागते त्यांनी २० एप्रिल ते १० मे हे दिवस धरावेत, मुक्काम २,००० मीटरच्या वर ठेवावा आणि गावात पोचल्यावर पहिला प्रश्न हवामानाचा विचारावा: पाऊस कधी झाला आणि त्यानंतर ऊन पडलं का? पावसानंतर दोन-चार उबदार दिवस मिळाले तर जंगलात जाण्यात अर्थ आहे. हिवाळ्यात बर्फ कमी पडला आणि मार्चही कोरडा गेला, तर गावातली जुनी माणसंही रिकाम्या हाताने परततात. अशा वर्षी देवदार बघायला जावं, गुच्छीसाठी नको.

पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात वारुळावरची अळंबी काढण्याची सवय असलेल्यांनी तिथले आडाखे घरीच ठेवलेले बरे. ती अळंबी वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीतून येते, म्हणून वारूळ ठाऊक असलं की दरवर्षी तिथेच आणि घोळक्याने सापडते. गुच्छीचा वाळवीशी संबंध नाही. गेल्या वर्षीच्या जागी ती येईलच असं नाही, आणि आली तरी एकटीदुकटी किंवा चार-पाचांच्या विखुरलेल्या गटात येते. दिवसभर फिरणाऱ्या सराईत गावकऱ्यालाही बऱ्या दिवशी ताजी पाव-अर्धा किलो मिळते. वाळल्यावर तिचं वजन आठव्या-दहाव्या हिश्श्यावर येतं. बाजारात सुक्या गुच्छीचा भाव किलोला दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत का सांगतात, ते या गणितातच आलं.

मुंबई-पुण्याहून चंदीगडपर्यंत रेल्वे किंवा विमान, पुढे मनालीकडे जाणारी रात्रीची बस. उतरायचं औटला, बोगद्याच्या अलीकडे. कंडक्टरला ‘बंजारचा फाटा’ म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर बस बोगद्यातून थेट कुल्लूच्या दिशेला निघून जाते. पहाटे चार-पाचला पोचलात तर बंजारकडे जाणारी पहिली बस मिळेपर्यंत थंडीत थांबावं लागतं. जाकीट सामानाच्या तळाशी घालू नका. बंजारहून जिभी आणि शोजा एकाच रस्त्यावर आहेत, तीर्थन नदीकाठचं गुशैनी दुसऱ्या फाट्यावर. गुच्छीसाठी जिभी-शोजाची बाजू सोयीची, कारण एकाच चढावर हजार मीटरचा फरक मिळतो आणि हंगाम वर सरकेल तसं तुम्हालाही सरकता येतं.

गुशैनीच्या बाजूला आणखी एक अडचण आहे. रोल्लाच्या पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क सुरू होतं. १९९९ मध्ये त्याची अंतिम अधिसूचना निघाली, २०१४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, आणि आत परवान्याने चालता येतं, पण गुच्छीच काय, साधं पानही तोडायला बंदी आहे. उद्यानाबाहेरच्या जंगलात गोळा करण्याचे हक्क आहेत ते त्या-त्या गावच्या लोकांचे. बाहेरून आलेल्याने पिशवी घेऊन एकट्याने जंगलात शिरणं कायद्यातही बसत नाही आणि गावाच्या रिवाजातही. इथल्या कित्येक घरांत वसंतातल्या दीड-दोन महिन्यांच्या गुच्छीवर वर्षातला मोठा खर्च निघतो. म्हणून सरळ मार्ग असा: जिथे मुक्काम आहे त्या घरातल्या किंवा शेजारच्या माणसाबरोबर जा, सापडेल ते त्यांचं समजा आणि खायला हवी ती त्यांच्याकडून विकत घ्या. दिवसाचे पैसे निघण्याआधी ठरवा. तुमच्याबरोबर सावकाश चालताना त्याची स्वतःची शोधाशोध बुडते, हे धरून ठरवा. आणि जागेचा जीपीएस टाकलेला फोटो कुठेही चढवू नका. गावात सख्ख्या भावालाही जागा सांगत नाहीत.

आता जंगलातलं. निघायचं सकाळी सहा-साडेसहाला, तिरपं ऊन असताना. दुपारी एकनंतर या दिवसांत ढग भरतात, गडगडाट होतो, गारा पडतात, तेव्हा दोनच्या आत खाली. हंगामाच्या सुरुवातीला दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी तापतात, तिथे बघायचं. महिनाअखेरीला ते कोरडे पडतात, मग उत्तरेच्या आणि पूर्वेच्या उतारांवर जायचं. निव्वळ दाट देवदारांत, जिथे जमिनीवर सुयांची जाड गादी आहे, तिथे वेळ घालवू नका. कडा बघा: जंगल संपून गवत सुरू होतं ती रेघ, बर्फ वितळून पाणी झिरपतं ती घळ, जुनी पायवाट, गुरं बसण्याची जागा, पडलेला ओंडका. देवदार आणि कैल या सूचिपर्णी झाडांत खनोर किंवा अक्रोडासारखी पानगळीची झाडं मिसळलेली असली तर आणखी चांगलं. जमीन भुसभुशीत, ओलसर, पण पाणी न साचणारी हवी. लिंगडी या खाण्याच्या नेच्याचे गुंडाळलेले कोंब आणि रानस्ट्रॉबेरीची पांढरी फुलं दिसू लागली की त्या उंचीवर गुच्छीची वेळ झाली, असं धरायला हरकत नाही.

बघायचं ते खालून वर. उतारावरून खाली उतरताना गुच्छीचा फक्त माथा दिसतो आणि तो सुकल्या पानांत मिसळून जातो. चढाकडे तोंड करून बघितलं की टोपी आणि पांढुरका दांडा आडवे दिसतात. चाल अगदी संथ, तासाला दोन-तीनशे मीटर. पाच पावलं, थांबा, डावीकडून उजवीकडे नजर फिरवा, पुन्हा पाच पावलं. सर्वांत जास्त फसवतात ते कैल आणि राई (इथलं स्प्रूसचं झाड) यांचे गळून पडलेले शंकू. त्यांचे खवले एकसारखे, ओळीत, एकावर एक चढलेले असतात. गुच्छीचे खळगे वेडेवाकडे, कुठलेच दोन सारखे नाहीत, आणि त्यांच्या कडा उचललेल्या. हा फरक एकदा डोळ्यात बसला की बसलाच, तोवर प्रत्येक शंकूपाशी वाकावं लागतं.

एक सापडली की तिच्याकडे धावू नका. आहात तिथेच उभे राहा आणि भोवतीची तीन-चार मीटर जमीन नजरेने तपासा, मग पाऊल उचला. शोजाच्या खाली एका आडव्या देवदाराजवळ हे नीट बघायला मिळालं: सालीचा भुगा होऊन काळपट झालेली माती, तिच्यात बोटभर उंचीची एक करडी-काळी गुच्छी उघड्यावर, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तीन आणखी, पानांनी इतकी झाकलेली की बरोबरच्या बाईंनी काठीने पान उचलून दाखवल्यावरच दिसली. पहिलीकडे सरळ गेलं असतं तर तिन्ही पायाखाली आल्या असत्या.

कापावी की उपटावी यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ ते २००३ या काळात जंगली अळंबींवर चाललेल्या अभ्यासात दिसलं ते असं: कापली किंवा उपटली तरी पुढच्या पिकावर परिणाम नाही, पण माणसांच्या पायांनी तुडवलेल्या जागेत उगवण घटते. तेव्हा भांडण सुरीपेक्षा बुटांवरून व्हायला हवं. तरीही सुरी वापरा, कारण उपटलेल्या दांड्याला लागलेली माती बाकीच्यांच्या खळग्यांत शिरते आणि तिथून ती निघत नाही. जमिनीच्या थोडं वर कापा, फुंकर मारून मुंग्या उडवा, सुती पिशवीत किंवा टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन तासांत घाम सुटतो आणि गुच्छी चिकट होऊन वास मारते. करंगळीच्या पेराएवढ्या असतील तर राहू द्या, त्यांच्यात खाण्यासारखं काही नसतं.

ओळखीची परीक्षा एकच आणि ती प्रत्येक नगाची करायची: टोकापासून बुडापर्यंत उभी चिरा. खऱ्या गुच्छीत टोपी आणि दांडा मिळून आत एकच सलग पोकळी असते, आणि टोपीची खालची कड दांड्याला जोडलेली असते. टोपी दांड्याच्या फक्त शेंड्यावर टेकलेली, बाजूंनी सुटी लोंबणारी आणि दांड्यात कापसासारखा गर असेल तर ती वेर्पा; काहींना पचते, काहींना नाही, टाकून द्या. तिसरी खरी धोक्याची. तिच्या टोपीला खळगे नसून मेंदूसारख्या वळ्या असतात, रंग तांबूस तपकिरी, चिरल्यावर आत अनेक वेडेवाकडे कप्पे. ही गायरोमिट्रा. तिच्यातल्या विषाने सहा-बारा तासांनी उलट्या सुरू होतात आणि पुढे यकृतावर परिणाम होतो. शिजवताना निघणाऱ्या वाफेतही ते विष असतं, त्यामुळे ‘उकळून पाणी टाकलं की चालते’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खरी गुच्छीसुद्धा कच्ची खायची नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सॅलडमध्ये पातळ कापून घालण्याची फॅशन आली आहे. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका रेस्तराँत कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या गुच्छीशी जोडल्या गेलेल्या प्रकारात ५१ लोक आजारी पडले आणि दोघे दगावले. गुच्छी अस्सलच होती. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतणं पुरत नाही. आतपर्यंत वाफ जाईल अशी पंधरा-वीस मिनिटं शिजवा. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-तीन नगांवर थांबावं आणि त्या रात्री दारू घेऊ नये, काहींना दोन्ही एकत्र झेपत नाहीत. ताजी गुच्छी उभी चिरून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की आतले किडे बाहेर येतात. सुकी असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास. ते पाणी फेकू नका, सगळा वास त्यात उतरतो. फडक्यातून गाळा, तळाची वाळू भांड्यातच राहू द्या आणि पाणी भाताच्या आधणात घाला. तूप, कांदा, जिरं, दोन लवंगा आणि तांदूळ एवढ्यावर पुलाव उत्तम होतो. पाव किलो तांदळाला पंधरा ग्रॅम सुकी गुच्छी भरपूर झाली. गरम मसाला घालायचा असेल तर बाजारातलं बटण मशरूम आणावं, पैसे वाचतील.

विकत घेताना वजनावर फसवणूक होते, म्हणून वजनाआधी नग बघा. वाळलेली गुच्छी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे; लवली तर आत ओल आहे, म्हणजे पाण्याचे पैसे तुम्ही भरताय आणि महिनाभरात बुरशीही येणार. दोन-चार नग चिरून आत खडे किंवा माती भरलेली नाही ना, ते पाहा. दांडे लांब ठेवलेला माल स्वस्त पडायला हवा, कारण चव टोपीत असते. गावात दोऱ्यात ओवून चुलीवर किंवा तंदूरवर टांगून वाळवतात, तिला धुराचा वास येतो. उन्हात-सावलीत वाळवलेली फिकट आणि सौम्य. आम्हाला धुराची आवडली, पण पुलावात ती बाकी सगळ्यावर चढते, हे ध्यानात ठेवा.

सामानात पकड असलेले बूट हवेतच. कैलच्या वाळलेल्या सुयांवर उतरताना पाय तेलावरून घसरावा तसा जातो, त्यामुळे काठीही घ्या. पूर्ण बाह्या आणि पायमोज्यांत खोचलेली पँट, गोचिडांसाठी आणि कडेकडेने उगवणाऱ्या, अंगाला लागताच आग करणाऱ्या बिच्छू बूटीसाठी. काळी अस्वलं या दिवसांत हिवाळ्याच्या झोपेतून उठून फिरत असतात. झुडपांत शिरताना बोलत राहा, गावकरी मुद्दाम हाका मारत चालतात. शोजाला रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो. जंगलात मोबाइलला रेंज धरू नका. खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब किंवा गरगरणं सुरू झालं तर सकाळची वाट बघू नका. बंजारच्या रुग्णालयात जा, गरज पडली तर पुढे कुल्लूला, आणि न शिजवलेला एखादा नग कागदात गुंडाळून बरोबर न्या. त्यासाठी प्रत्येक वेळी शिजवण्याआधी एक नग बाजूला काढून ठेवायचा.

परतताना सुकी गुच्छी कापडी थैलीत आणि ती डब्यात, हातातल्या सामानात. घेतली कुणाकडून, किती, याची चिठ्ठी लिहून घ्या. वनोपज असल्याने वाटेतल्या नाक्यावर विचारलं तर ती दाखवता येते, आणि घरासाठीच्या शे-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त न्यायची असेल तर आधी बंजारच्या वनविभागात विचारून जी नोंद किंवा परवानगी लागेल ती घ्या. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. मेच्या अखेरीला एकदा उघडून बघा, आणि मऊ पडली असेल तर ओव्हनमध्ये पन्नास अंशांवर तासभर, दार किंचित उघडं ठेवून.